चार जणांचे काम, चार जणांचे बोलणे

(साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)

मंडळी,

आज आम्ही बोलणार आहोत ते बोलण्याविषयीच. ऐकायला जरा चमत्कारिक वाटेल. तुम्ही म्हणाल, "बोलायचे काय शिकायचे? ते तर आईच्या मांडीवरच शिकलो." खरे आहे. पण आजची गोष्ट एका निराळ्या मंडळींची आहे. ही माणसे जगभर पसरलेली आहेत. पुष्कळांनी एकमेकांचे तोंडही पाहिलेले नाही. एकावर दुसऱ्याचा हुकूम चालत नाही. तरी ती सगळी मिळून एकच काम करतात. आणि त्या कामात त्यांना सर्वांत जड काय गेले? संगणकाचे गणित नव्हे. एकमेकांशी नीट बोलणे!

आधी काम कोणते ते पाहू.

संगणक हा काही फार शहाणा नसतो बरे का. सांगितले तेवढेच तो करतो. आधी हे कर, मग ते कर, असे झाले तर असे कर, अशी यादी त्याला लिहून द्यावी लागते. त्या यादीला प्रोग्राम म्हणतात. तुमच्या खिशातला मोबाईल हाही एक लहानसा संगणकच. त्याच्याही पोटात अशा याद्या आहेत.

मिठाईवाला आपल्या मिठाईची कृती सांगतो का? नाही सांगत. ती त्याच्या धंद्याची किल्ली असते. पुष्कळ कंपन्याही आपले प्रोग्राम असेच कुलपात ठेवतात. पण काही माणसांनी वेगळे ठरवले. त्यांनी आपली कृती उघड्यावर मांडली. ज्याला हवी त्याने वाचावी. वापरावी. चूक दिसली तर सुधारावी आणि सुधारलेली कृती पुढच्याला द्यावी. या रीतीला "ओपन सोर्स" म्हणतात.

फिनलंड नावाचा युरोपातला एक थंड देश आहे. तिथे हेलसिंकी शहरात लिनस टॉरव्हाल्ड्स नावाचा एक विद्यार्थी होता. १९९१ साली, वयाच्या २१ व्या वर्षी, त्याने असा एक प्रोग्राम लिहायला घेतला. हौस म्हणून. लोकांना कळवले, "मी असे असे करतो आहे. तुम्हाला काय वाटते ते सांगा." लोकांनी सांगितले. नुसते सांगितले नाही, हातही लावला. तो प्रोग्राम म्हणजे लिनक्स. आज प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या मुळाशी लिनक्स आहे. जगातल्या सर्वांत बलाढ्य ५०० संगणकांची एक यादी निघते. २०१७ सालच्या नोव्हेंबरपासून त्या यादीतले सगळेच्या सगळे संगणक लिनक्सवर चालतात. एका पोराच्या हौसेचे हे झाड एवढे वाढले!

हे काम चालते कसे? समजा, एकाला चूक सापडली. तो दुरुस्ती लिहितो आणि ई-मेलने पाठवतो. ई-मेल म्हणजे संगणकावरून जाणारे पत्र. हे पत्र खासगी नसते. सगळ्यांना वाचता येते. दुसरे लोक दुरुस्ती तपासतात. "इथे चुकले, इथे बरे आहे," असे लिहितात. प्रत्येक भागाला एक जबाबदार माणूस असतो. त्यांचा शब्द "मेंटेनर". आपण कारभारी म्हणू. कारभाऱ्याला पटले की दुरुस्ती आत जाते. नाही पटले तर परत येते. नऊ-दहा आठवड्यांची एक फेरी असते. तेवढ्यात दीड-दोन हजार माणसांचे हात त्या कामाला लागतात.

यांतले सगळेच फुकट काम करतात असे मात्र समजू नका. लिनक्सचे काम करणाऱ्या पुष्कळांना त्यांच्या त्यांच्या कंपनीचा पगार मिळतो. पण एका कंपनीचा माणूस दुसऱ्या कंपनीच्या माणसाचा साहेब नव्हे. तो त्याला रजा नाकारू शकत नाही, की पगार कापू शकत नाही. आणि लहान लहान प्रोग्राम तर कितीतरी माणसे रात्री जेवणखाण झाल्यावर, फुकटच, सांभाळत बसतात. अशा कामात माणसाला बांधून ठेवणारे काय असते? कामाची गोडी, आणि चार माणसांचा चांगला शब्द. शब्द कडू झाला की माणूस उठून जातो. भांडत बसत नाही. नुसता उठून जातो. म्हणून नुकसान लवकर दिसतही नाही.

लिनक्समध्ये हे पुष्कळ वर्षे चालले. टॉरव्हाल्ड्स कामात पक्के, पण जिभेला हाड नाही. डिसेंबर २०१२ ची गोष्ट ऐका. एका कारभाऱ्याच्या भागात एक बदल झाला आणि लोकांचे आधी नीट चालणारे काही प्रोग्राम अडू लागले. तक्रार आली. कारभारी म्हणाला, दोष त्या प्रोग्रामचा आहे. आता लिनक्सचा एक जुना नियम आहे. वापरणाऱ्याचे चालू काम आपल्या बदलाने मोडायचे नाही. मोडले तर चूक आपली. नियम उत्तम आहे. टॉरव्हाल्ड्स यांचा मुद्दा सोळा आणे खरा होता. पण त्यांनी पत्र कसे लिहिले? "तोंड बंद कर," अशी सुरुवात, आणि तीही शिवी घालून. सगळ्या जगापुढे. ते पत्र आजही लोकांना आठवते. कशामुळे? शिवीमुळे. मूळ चूक कोणती होती, हे फार थोड्यांना सांगता येईल. खरा मुद्दा शिवीखाली गाडला गेला!

टॉरव्हाल्ड्स यांची बाजूही ऐकली पाहिजे. ते म्हणत, गोड बोलले की लोकांना नेमके कळत नाही. हो म्हटले की नाही म्हटले, हेच समजत नाही. दूरच्या माणसाला पत्रातून सांगायचे तर स्पष्टच सांगावे. यात काही तथ्य आहे. तोंडावर गोड बोलून मागे काम दाबून ठेवणारा माणूस शिव्या देणाऱ्यापेक्षा बरा, असे आम्ही म्हणणार नाही. पण स्पष्ट बोलणे वेगळे आणि टाकून बोलणे वेगळे. "ही भिंत ओळंब्यात नाही, पाडून परत बांध," हे स्पष्ट बोलणे झाले. "तुला गवंडी कोणी केला रे?" यातून भिंतीविषयी काय कळले?

२०१३ साली त्याच मंडळींतल्या एका जाणत्या माणसाने हे उघडपणे बोलून दाखवले. हे साधेसुधे माणूस नव्हते. मोबाईलची वायर, पेनड्राइव्ह यांच्यासाठी जी यूएसबी नावाची जोडणी असते, तिच्या नव्या, वेगवान प्रकाराची सोय लिनक्समध्ये याच माणसाने केली होती. म्हणणे एवढेच होते, की कामावर टीका करा, माणसावर नको. वाद पुष्कळ झाला. रीत फारशी बदलली नाही. २०१५ साली त्या माणसाने जाहीर लिहिले, की आपण हे काम सोडले आहे. इथे कामाला मान आहे, माणसाला नाही, असा त्या लिहिण्याचा भाव होता.

असे किती गेले? लिहून गेले ते मोजता येतात. न लिहिता गेले त्यांची नोंद कुठे? आणि पहिलेच पत्र लिहायच्या आधी, दुसऱ्याला पडलेल्या शिव्या वाचून जे दारातूनच परत फिरले, ते तर कोणाला दिसलेच नाहीत. नवखी मुले, बायका, ज्यांची इंग्रजी कच्ची आहे असे परदेशी लोक, यांना हा मार अधिक लागतो. जुना माणूस म्हणतो, "अहो, त्यांचा स्वभावच तसा, मनावर घेऊ नका." नव्याला तो स्वभाव कुठे ठाऊक असतो?

मग सप्टेंबर २०१८ उजाडला. टॉरव्हाल्ड्स तेव्हा ४८ वर्षांचे होते. लिनक्सला २७ वर्षे झाली होती. त्यांनी सगळ्यांना पत्र लिहिले. आपण लोकांना पत्रांतून टाकून बोललो, ते योग्य नव्हते, असे कबूल केले. माफी मागितली. लोकांच्या भावना समजून घ्यायला आपण मदत घेणार आहोत, असे सांगितले आणि काही आठवडे कामातून बाजूला झाले. काम थांबले का? नाही. दुसऱ्या कारभाऱ्याने फेरी पुरी केली. ऑक्टोबरात ते परत आले.

एवढ्या मोठ्या माणसाने जगापुढे असे लिहिणे सोपे नव्हते. आम्हाला त्या पत्राचे मोल वाटते. मात्र तेवढ्यावर भागले असते असे आम्हाला वाटत नाही. एका माणसाचा स्वभाव सुधारला म्हणून सगळ्यांची रीत सुधारत नाही. त्याच वेळी लिनक्सने वागणुकीचे नियम लिहून काढले. "कंट्रिब्यूटर कव्हेनंट" नावाचा एक नमुना २०१४ सालापासून अशा कामांत वापरात होता. त्याच्यावरून हे नियम घेतले. कोणाचा अपमान करायचा नाही. बाई आहे, परदेशी आहे, अमक्या धर्माचा आहे म्हणून हिणवायचे नाही. कोणाला त्रास द्यायचा नाही. झाला तर तक्रार कोणाकडे करायची, तेही त्यात लिहिले.

उबुंटू नावाचे आणखी एक असेच काम आहे. ते २००४ साली सुरू झाले. उबुंटू हा आफ्रिकेच्या दक्षिण भागातला शब्द. आपल्या भाषेत त्याला "माणुसकी" म्हणता येईल. त्यांच्या नियमांतली एक गोष्ट आम्हाला फार आवडली. काम सोडायचे असेल तर खुशाल सोडा, पण सांगून सोडा आणि अर्धे राहिलेले काम दुसऱ्याच्या हाती नीट देऊन जा. आदर म्हणजे नुसते गोड शब्द नव्हेत, हे त्यांनी बरोबर ओळखले.

नियम लिहिले तेव्हा सगळे खूष झाले असे नाही. काही म्हणाले, "आता कोणीही उठेल आणि 'मला वाईट वाटले' म्हणून चांगल्या कारागिराचे तोंड बांधील." ही भीती अगदीच खोटी नाही. नियम वाकवणारे सगळीकडे असतात. पण नियम नसतो तेव्हाही कोणाचे तरी तोंड बांधलेलेच असते. बहुधा दुबळ्याचे. म्हणून नियम कागदावर हवा आणि तो मोठ्या-धाकट्याला सारखा लागू हवा. २०२४ साली लिनक्समध्ये असे झालेही. साठवणीच्या भागाचा एक फार हुशार कारभारी होता. त्याने दुसऱ्या एकाला शिवराळ पत्र लिहिले. नियम पाहणाऱ्या समितीने त्याला झाले ते निस्तरायला सांगितले. त्याने पुरेसे काही केले नाही. तेव्हा त्या एका फेरीत त्याचे काम घेतले गेले नाही. त्याच्या हुशारीबद्दल कोणाची शंका नव्हती. तरी घेतले नाही.

मग चूक दाखवायचीच नाही का? असे कसे चालेल! हा प्रोग्राम दवाखान्यात चालतो, बँकेत चालतो. चुकीची दुरुस्ती भिडेखातर आत घेतली, तर उद्या लोकांचे हाल. चूक दाखवलीच पाहिजे. चांगले तपासणारे कसे लिहितात पाहा. "या ओळीत यादी रिकामी असेल तेव्हा काय होईल, याचा विचार राहिला आहे. मी करून पाहिले, तेव्हा प्रोग्राम बंद पडला. अमुक प्रकारे लिहिले तर भागेल." यात चूक आहे. चूक कशी सापडली ते आहे. पुढे काय करायचे तेही आहे. लिहिणारा गाढव आहे की शहाणा, याबद्दल एक अक्षर नाही. वाचणाऱ्याला राग आला तरी तो चुकीवर येतो आणि तो हाताला लागतो.

लिनक्समध्ये आणखी एक सुंदर चाल आहे. दुरुस्ती आत गेली की तिच्याखाली नावे लिहितात. कोणी लिहिली, कोणी तपासली, कोणी आपल्या संगणकावर चालवून पाहिली. आणि चूक आहे असे पहिल्यांदा कोणी कळवले, त्याचेही नाव. त्याने एक ओळ लिहिलेली नसेना का! ती नावे कायम राहतात. मान द्यायचा तो असा, नोंदवहीत.

आता पत्राची एक अडचण सांगतो. तुम्ही नुकतेच लिहायला लागलात, तुम्हाला ती चटकन कळेल. समोरासमोर बोलताना डोळे दिसतात, आवाज ऐकू येतो. "काय रे, हे काय केलेस?" हेच वाक्य हसून म्हटले तर थट्टा होते आणि कपाळाला आठ्या घालून म्हटले तर दम. कागदावर ना हसू दिसते, ना आठी. वाचणारा आपल्या मनाने आवाज लावतो. तो दमलेला असला, तर कडूच लावतो.

त्यात इंग्रजीची गंमत पाहा. आपल्याकडे "तू" आहे, "तुम्ही" आहे, "अहो" आहे. नुसत्या एका शब्दाने मान राखता येतो. इंग्रजीत लहान-मोठ्या सगळ्यांना एकच शब्द. मग मान दाखवायचा तर वाक्याची ठेवण बदलावी लागते. पुण्या-मुंबईची कितीतरी मुले-मुली आता हे काम करतात. मराठीत विचार करून "हे आजच्या आज तपासा" असे इंग्रजीत लिहिले, की तिकडच्या माणसाला तो हुकूम वाटतो. लिहिणाऱ्याच्या मनात तर "तपासा ना जरा" असे असते! म्हणून या कामातली जुनी माणसे सांगतात, पत्र वाचून राग आला तर त्याचा बरा अर्थ निघतो का, ते आधी पाहावे. उत्तर लगेच धाडू नये. रात्र जाऊ द्यावी.

अपमान काही शिव्यांनीच होतो असेही नाही. पायथॉन नावाची एक भाषा आहे. माणसांची नव्हे, संगणकाला काम सांगायची. ती हॉलंडच्या गिडो व्हान रॉसम यांनी बनवली आणि १९९१ साली लोकांपुढे ठेवली. पुढे जवळजवळ तीस वर्षे वाद झाला की शेवटचा शब्द त्यांचा, असा प्रघात होता. २०१८ साली त्या भाषेत एक नवी खूण घ्यावी की नाही, यावर वाद पेटला. खूण केवढी? दोन टिंबे आणि पुढे बरोबरीचे चिन्ह. बस्स! पण शेकडो पत्रे झाली. तीच ती हरकत पुन्हा पुन्हा. उत्तर दिले तरी पुन्हा तीच. गिडो यांनी ती खूण मान्य केली आणि जुलै २०१८ मध्ये जाहीर केले, की आपण प्रमुखपण सोडत आहोत. एका गोष्टीसाठी एवढे झगडायचे आणि वर इतक्या जणांना आपला निर्णय नकोसा, हे पुन्हा सोसायची आपली तयारी नाही, अशा अर्थाचे त्यांनी लिहिले. पुढे २०१९ साली पायथॉनच्या लोकांनी मते देऊन पाच जणांची समिती नेमली. तेव्हापासून कारभार समितीकडे आहे. ही सोय चांगली झाली. एकाच माणसाच्या पाठीवर सगळ्यांचे बोलणे पडत नाही.

आता शेवटची गोष्ट सांगतो. ती ऐकून आम्हालाही अंगावर काटा आला.

कापसाची रुई यंत्रात दाबून गाठी बांधतात. का? जागा कमी लागते, न्यायला सोपे जाते. संगणकातला मजकूरही असाच दाबून गाठ बांधतात. ते काम करणारा एक छोटा प्रोग्राम आहे, एक्सझेड नावाचा. जगातल्या असंख्य संगणकांत तो आहे. आणि तो सांभाळत कोण होते? वर्षानुवर्षे एकच माणूस. बिनपगारी, फावल्या वेळात.

२०२२ साली त्या माणसाला अनोळखी नावांनी पत्रे येऊ लागली. काम इतके हळू का? तुमचे लक्ष उडालेले दिसते. दुसऱ्या कोणाच्या तरी हाती द्या. अशी एकामागून एक. त्याने उत्तर दिले, की तब्येतीच्या अडचणी आहेत आणि हे काम फुकटचे, हौसेचे आहे. तरी टोचणी थांबली नाही. त्याच सुमारास एक नवा मदतनीस मात्र फार गोड वागत होता. दुरुस्त्या पाठवत होता, कामसू होता. थकल्या माणसाला तोच आधार वाटला. हळूहळू कारभाराच्या किल्ल्या त्याच्या हाती गेल्या. दोन वर्षे त्याने नीट काम केले. मग २०२४ च्या फेब्रुवारीत त्याने प्रोग्रामात एक चोरदार बसवले. दुरून संगणकात शिरायचे जे दार असते, त्याचे कुलूप त्या चोरदाराने उघडता आले असते. ती टोचणारी पत्रे त्याच कटातली होती, असे पुढे तपासणाऱ्यांचे मत पडले.

सापडले कसे? आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला दिसले, की त्या दारातून आत जायला अर्धा सेकंद जास्त लागतो आहे. अर्धा सेकंद! दुसरा कोणी असता तर सोडून दिले असते. हा खणत गेला आणि २९ मार्च २०२४ रोजी त्याने सगळ्यांना सावध केले. चोरदार बहुतेक संगणकांत पोचण्याआधीच बंद झाले.

आमच्या मनात राहिले ते वेगळेच. त्या टोचणाऱ्या पत्रांचा कोणाला संशय का आला नाही? कारण तसली पत्रे कारभाऱ्यांना नेहमीच येतात. "अजून झाले नाही?" "तुम्हाला जमत नसेल तर सोडा." फुकट मिळालेल्या वस्तूवर हक्क सांगत लोक असे लिहितात आणि त्याची सगळ्यांना सवय झाली आहे. त्या सवयीच्या आडून चोर आत शिरला. एखाद्याने त्या वेळी मध्ये पडून लिहिले असते, की "दादा, घाई नाही, तब्येत सांभाळा, आणि तुम्ही टोचणारे कोण, ते जरा सांगा," तर काय झाले असते, कोण जाणे.

पुढे काय झाले ते सांगून आम्ही खाली बसतो. त्या जुन्या कारभाऱ्याने काम सोडले नाही. तो परत आला. त्या मदतनिसाने केलेले बदल त्याने तपासायला घेतले. चोरदाराचा मजकूर उपटून टाकला आणि २९ मे २०२४ रोजी एक्सझेडची साफ केलेली आवृत्ती लोकांच्या हाती दिली.